ताकाची पिशवी आणि ती दुसरी

काल दुपारी लेकीच्या गराजमध्ये खोकी उपसताना नातीच्या हाताला एक जुनी सॅक लागली. सॅकमधून रबरी पिशवी निघाली, पिशवीला लांब निळी नळी होती, आणि चार वर्षांच्या माणसाला नळी दिसली की ती तोंडात जातेच. मी ‘शी!’ म्हणून अशी काही किंचाळले की समोर गुलाबांना पाणी घालणारे चिनी आजोबा पाइप हातात धरून तसेच उभे राहिले. नळी ओढून घेतली, नातीचं तोंड दोनदा धुतलं, रडण्याची समजूत चॉकलेटनं घातली, आणि मग कोणी बघत नाही असं पाहून ती पिशवी हळूच नाकाशी नेली. आधी आला शिळ्या रबराचा वास, मग बुरशीचा, मग ओल्या पोत्यासारखा काहीतरी. आणि या सगळ्या थरांच्या तळाशी, गाळात रुतलेल्या नाण्यासारखा, स्वच्छ, ओळखीचा, हिंग. इतकी वर्षं झाली. ही पिशवी मी स्वतः उकळत्या पाण्यानं धुतली होती, व्हिनेगरनं धुतली होती, खायचा सोडा घालून रात्रभर भिजवली होती. हिंगाला मरण नसतं हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हाची मी तुम्हाला आधी दाखवायला हवी. चाळिशी संपत आलेली, अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये राहणारी, केस रंगवून ते नैसर्गिकच आहेत असं मंडळातल्या बायकांना सांगणारी एक बाई. उंची बेताची, अंग जरा भरलेलं, आणि सगळ्याच्या पुढे नाक. बाकीचं शरीर त्या नाकाच्या मागून चालायचं. दुकानातल्या ढकलगाडीची मूठ ही बाई रुमालात धरायची. लायब्ररीतलं पुस्तक आणलं की आधी उन्हात ठेवायची, मग वाचायची. विमानात मिळणाऱ्या पांघरुणाविषयीचं आपलं मत तिनं एकदा हवाई सुंदरीला सविस्तर ऐकवलं होतं. आणि उष्टं! उष्ट्याच्या बाबतीत ती स्वतःच एक धर्मपीठ होती. पाण्याचं भांडं ओठाला लागता कामा नये. मान मागे, भांडं वर, धार थेट घशात. लेकीला ही कला तिनं बाराखडीच्याही आधी शिकवली. शाळेत पहिल्यांदा लेक असं वरून पाणी प्यायली तेव्हा वर्गातली मुलं सर्कस पाहिल्यासारखी टाळ्या वाजवायला लागली. लेक रडत घरी आली. त्यात रडण्यासारखं काय आहे, हे या बाईला कळलं नाही. टाळ्या तर वाजवल्या की!

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी तीच लेक सतरा वर्षांची होती आणि उन्हाळा संपला की देशाच्या पार दुसऱ्या टोकाला कॉलेजात जाणार होती. तिथलं वसतिगृह पाहायला आम्ही तिघं गेलो होतो. खोली ठीक होती, खिडकीतून एक छान मेपल दिसत होता. पण मजल्यावरच्या सगळ्या मुलामुलींना मिळून न्हाणीघर एकच, हे कळल्यावर माझ्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. एकच अक्षर. त्या एका अक्षरानंतर लेकीनं माझ्याशी बोलणं जवळजवळ बंद केलं. भांडली असती तर बरं. भांडणात निदान वाक्यं तरी पूर्ण असतात. पण ‘फाइन’, ‘ओके’ आणि ‘व्हॉटेव्हर’ एवढ्यावर आमचा संसार चालू लागला. एकदा धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन जिना चढत होते, तर वरून आवाज आला. ती बापाला सांगत होती, “बाबा, आई इज डिस्गस्टेड बाय एव्हरीथिंग. माझे शूज, माझे फ्रेंड्स, माझं कॉलेज. आय थिंक, मीसुद्धा.” मी जिन्यात थबकले. वर जाऊन ‘नाही गं’ म्हणावं, एवढं साधं काम होतं. पण टोपलीत सगळ्यात वर तिचे धावण्याचे मोजे होते, धुऊनही वास न गेलेले, नेमके माझ्या नाकाखाली. चेहरा जो व्हायचा तो झालाच होता. तो चेहरा घेऊन वर जाणं बरं दिसलं नसतं.

बापलेकीचा एक बेत मात्र वर्षभर शिजत होता. सिएरा नेवाडा पर्वतरांगेतलं सर्वांत उंच शिखर, साडेचौदा हजार फूट, एका दिवसात चढायचं आणि त्याच दिवसात उतरायचं. कॉलेजला जाण्याआधीची लेकीची ही एकच मागणी होती. त्या डोंगरावर रोज मोजक्याच माणसांना सोडतात. आधी अर्ज करायचा, मग सोडत निघते. आता आपला माणूस अशा वेळी एकच अर्ज करून गप्प बसेल का? नवऱ्यानं एक अर्ज स्वतःच्या नावानं केला आणि ‘चान्स वाढतो’ म्हणून दुसरा माझ्या नावानं ठोकून दिला. प्रत्येकी दोन माणसांचा. त्याचा लागला नाही. माझा लागला.

“ग्रेट! मग बाबा आणि मी जाऊ,” लेक म्हणाली.

नवरा बराच वेळ चष्मा पुसत राहिला. “ज्याच्या नावावर परवानगी, तो माणूस स्वतः हवा. नाव बदलून देत नाहीत. आई आणि सोबत एक.”

“आई?” लेकीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी सोफा असून अचानक बोलायला लागले होते. “बाबा, आई मॉलमधलं बाथरूमसुद्धा यूज करत नाही!”

“जाईन की,” मी म्हणाले.

“अगं, नीट ऐक,” नवरा म्हणाला. “ही अजून अठराची नाही. तिला एकटीला पुढे जाता यायचं नाही. तू अर्ध्यात बसलीस की तिचंही तिथंच संपलं. विचार कर आणि सांग.”

“केला,” मी म्हणाले. कसला विचार नि कसलं काय! एक अख्खा दिवस ही मुलगी माझ्यापासून लांब जाऊ शकणार नाही, एवढंच मला दिसत होतं. डोंगर मला दिसतच नव्हता.

तो दिसू लागला तयारीत. आमच्या गावामागे एक बोडका डोंगर आहे, गवताचा, वर गाई चरतात. दर शनिवार-रविवार सकाळी नवरा मला तिथे हाकत न्यायचा. वाटभर शेणाचे पो. शेणानं सारवलेल्या अंगणात लहानाची मोठी झालेली मी, कोपरापर्यंत शेणात हात घालून आईबरोबर सणावाराला ओसरी सारवलेली. तीच मी आता त्या पोंना वळसा घालताना नाकाला रुमाल लावत होते, जणू ती अमेरिकन गाय मांसाहारी होती. पाठीवर वजनाची सवय हवी म्हणून सॅकमध्ये देसी दुकानातली तांदळाची मोठी पिशवी घातली होती. एकदा तिची शिवण उसवली. मला पत्ता नाही. मी आपली घामाघूम होऊन देवाचं नाव घेत उतरते आहे. खाली येऊन मागे पाहिलं तर डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सोना मसूरीची पांढरी रेघ, आणि त्या रेघेवर वऱ्हाडासारखी उतरत आलेली पाखरं. समोरून पळत येणाऱ्या मंडळातल्या एका तरुण पोरानं हे सगळं पाहिलं आणि अत्यंत आदरानं विचारलं, “काकू, हे काही व्रत आहे का?” मी ‘हो’ म्हणाले.

नव्या बुटांनी टाचांना फोड आणले, फोड फुटले, फुटल्यावर काय झालं ते सांगत नाही, तुम्ही कदाचित जेवून बसला असाल. लेक कधीकधी बरोबर यायची. कानात गाणी, पावलं लांब, आणि प्रत्येक वळणावर थांबून माझी वाट पाहणं. त्या वाट पाहण्यात तक्रार नव्हती आणि नेमकं तेच मला टोचायचं. तक्रार आपल्या माणसाची करतात.

मग ती पिशवी घरात आली. पाण्याची. सॅकमध्ये पाठीशी ठेवायची, तिची नळी खांद्यावरून तोंडापाशी येते, टोक दातांत दाबायचं आणि चोखायचं.

“चोखायचं?” मी विचारलं. “आणि मधल्या वेळात हे टोक कुठे असतं?”

“शर्टावर लोंबतं,” नवरा म्हणाला.

“घामट शर्टावर!”

“तुझ्याच ना?”

मी विषय बदलला. पाण्यात क्षार हवेत यासाठी लेकीनं एक निळं सरबत आणलं होतं, फरशी पुसायच्या औषधाच्या रंगाचं. शी. इतके दिवस घाम गाळून मी कुठल्या रसायनाच्या आधारानं चढणार होते की काय? उन्हावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा उतारा आहे, साधा, सात्त्विक: ताक. आदल्या दिवशी आम्ही डोंगरापलीकडच्या वाळवंटी गावात पोहोचलो, तेव्हा बर्फाच्या पेटीत घरच्या दह्याचा डबा माझ्या मांडीवर होता. मोटेलच्या बेसिनवर मी ते घुसळलं. मीठ, साखरेची चिमूट, भाजलेलं जिरं, किसलेलं आलं, आणि पचनाला हवा म्हणून हिंग, तोही सढळ. ते सगळं त्या रबरी पिशवीत ओतताना मला स्वतःच्या हुशारीचं जे कौतुक वाटलं, ते आठवलं की आजही कान गरम होतात.

“आई, दॅट्स डेअरी,” लेक दारातून म्हणाली. “खराब होईल.”

“ताक कसं खराब होईल? ते आधीच आंबट आहे.”

हा युक्तिवाद त्या क्षणी मला अजिंक्य वाटला होता. लेकीनं खांदे उडवले. “व्हॉटेव्हर.”

त्याआधी संध्याकाळी आम्ही परवानगी घ्यायला गेलो होतो. तिथल्या वनखात्याच्या खिडकीत सोनेरी वेणी घातलेली एक हसरी पोरगी होती. तिनं माझ्या हातात कागद दिला आणि कागदाबरोबर दोन जाड पिशव्या, आत कसली तरी भुकटी. डोंगरावर आता संडास ठेवलेले नाहीत, ती गोड आवाजात म्हणाली. खडक आहे, माती नाही, पुरता येत नाही. तेव्हा जे काही कराल ते या पिशवीत करा, तोंड बंद करा आणि खाली घेऊन या. पायथ्याशी टाकायला पेटी आहे.

मी नवऱ्याकडे वळले. “काय म्हणाली? खाली काय आणायचं?”

“तेच.”

“तेच म्हणजे?”

“अगं, तेच!”

“आपलं आपण? पाठीवर?”

“आई, प्लीज, स्टॉप,” लेक दात आवळून म्हणाली. रांगेतले लोक छताकडे बघत होते. मी त्या पिशव्या दोन बोटांच्या चिमटीत धरून गाडीपर्यंत नेल्या. रिकाम्या, नव्या, सीलबंद. त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पोटात काही नसावं, हा माझा डाव होता. गिर्यारोहणाची अशी तयारी याआधी कोणी केली नसेल.

पहाटे अंधारातच नवऱ्यानं आम्हाला वाटेच्या तोंडाशी सोडलं. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. लेकीच्या सॅकचे बंद तो पुन्हा पुन्हा ओढून बघत होता. “हळू जा,” तो मला म्हणाला, आणि मग अगदी हलक्या आवाजात, “तिला वर ने गं.”

उजाडलं तेव्हा आम्ही झाडांच्या वर होतो. ते उजाडणं मी विसरलेले नाही. सूर्य यायच्या आधी समोरचे कडे राखेच्या रंगाचे होते, चुलीतली राख सकाळी असते तसे. मग सगळ्यात वरच्या सुळक्याला कुणीतरी फुंकर घातल्यासारखा निखारा पेटला आणि तो लाल रंग खडकांवरून सावकाश खाली उतरत आमच्या बुटांपर्यंत आला. खाली एक तळं होतं, इतकं निश्चल की त्यात आकाश उलटं टांगून ठेवल्यासारखं दिसत होतं. दोघी थांबलो. काहीतरी सुंदर बोलावं असं माझ्या मनात आलं आणि मी नळीचं टोक दातांत दाबलं.

आता पाठीच्या उबेनं तापत, पावलोपावली घुसळत, वर जाता जाता विरळ होणाऱ्या हवेत त्या बंद पिशवीचं काय होत असेल, हे शाळेत विज्ञान शिकलेल्या कोणालाही समजायला हवं होतं. पिशवी पावासारखी फुगली होती. दात टेकताच नळीतून आंबट फेसाचा फवारा सुटला; नाकात गेला, चष्म्यावर गेला, उरलेला घशात. जिरं आणि आलं. आणि तो हिंग! बंद खोलीत आठवडाभर कोंडून ठेवलेल्या फोडणीसारखा. मी खोकत, थुंकत, एका खडकाला धरून वाकले. वासाच्या मागावर एक जाडजूड जनावर आलं, खारीच्या थोरल्या आत्याबाईसारखं, पुढच्या पायांवर मान टेकून त्यानं हवा हुंगली, आणि ते परत गेलं. डोंगरावर माणसाच्या चपलासुद्धा कुरतडणारं जनावर म्हणे ते.

“आर यू ओके?” लेकीनं विचारलं.

“हो, हो. ठसका लागला.”

ओतून टाकता येत नव्हतं. तिथे जे न्याल ते खाली आणायचं, हा नियम. लेकीला सांगता येत नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तिनं तिचं पाणी अर्धं दिलं असतं, ते पुरलं नसतं, आणि आम्ही माघारी फिरलो असतो. निदान असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर तिच्या नळीला तोंड लावायच्या नुसत्या कल्पनेनं अंगावर काटा येत होता. उष्टं ते उष्टं. मग मी न पिताच चढत राहिले. वळणामागून वळण, संपता संपेनात अशी. दगड, पुन्हा दगड, आणि पाठीवर तो आंबट, गुबगुबीत राक्षस डुचमळत असलेला. ढेकरा त्याच्या, वास त्याचा, ओझंही त्याचंच. डोकं घणाचे घाव बसल्यासारखं ठणकायला लागलं. जीभ टाळूला चिकटली. पायांकडे बघून चालत होते, ते पाय मग दुसऱ्याच बाईचे वाटायला लागले.

वळणं संपून खिंड आली, पलीकडचा अख्खा मुलूख उघडला, आणि मी खाली बसले. ठरवून नाही, बसलेली आढळले. शिखर तिथून दिसत होतं. जवळ दिसत होतं आणि जवळ नव्हतं.

लेक माझ्यासमोर उकिडवी बसली. तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं, मग नळीकडे, नळीच्या टोकाला सुकलेल्या पांढऱ्या फेसाकडे. हुशार पोरगी. “आई, तू कधीपासून काही प्यायली नाहीस?”

मी नळी मुठीत झाकली.

ती उठून शिखराकडे बघत राहिली. मग सॅकचे बंद घट्ट करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “इट्स फाइन. परत जाऊ.”

त्या ‘फाइन’मध्ये सगळं होतं. वर्षभराचा बेत, वाटेच्या तोंडाशी उभा असलेला बाप, आणि एक आई, जिच्यामुळे नेहमीच असं होतं. हा शब्द घेऊन ती देशाच्या दुसऱ्या टोकाला जाईल आणि तिथे तो उशाशी ठेवून झोपेल, हे मला इतकं स्वच्छ दिसलं की डोकंदुखीसुद्धा क्षणभर थांबली.

“तुझं पाणी दे,” मी म्हणाले.

तिनं नळी पुढे केली. ओली, चघळलेली, टोकाशी दातांचे व्रण, बिस्किटाचा एक कण चिकटलेला. मी मान मागे टाकली, नळी वर धरली आणि टोक बोटांनी दाबलं. धार निघाली, वाऱ्यानं ती अलगद उचलली आणि माझ्या कानात घातली.

“आई! पाणी वेस्ट करू नकोस!”

“एक मिनिट, वारा पडू दे.”

“साडेतेरा हजार फुटांवर वारा पडत नाही! ओ माय गॉड.” तिचा आवाज फाटला. रागानं फाटला की रडण्यानं, मला कळलं नाही. “आई, आय लिटरली केम आउट ऑफ यू! जस्ट ड्रिंक!”

शेजारी सँडविच खात बसलेल्या दाढीवाल्यानं सँडविच खाली ठेवलं.

मी डोळे मिटले आणि ती नळी तोंडात घातली. काय सांगू तुम्हाला, किळसवाणं होतं. कोमट, रबरी, आणि त्या निळ्या औषधाची चव. जिभेला तो बिस्किटाचा कण लागला. मला वाटलं होतं की अशा प्रसंगी ममतेनं वगैरे ते अमृत लागत असेल. तसं काही झालं नाही. मी शहारत शहारत प्यायले आणि प्यायलेच, थांबले नाही. डोळे उघडले तेव्हा लेक माझा चेहरा बघत होती आणि तिचे ओठ थरथरत होते.

“यू शुड सी युअर फेस,” ती म्हणाली आणि फुटली. हसत सुटली, गुडघ्यांत डोकं घालून, श्वास लागेपर्यंत. विरळ हवेत हसणं फार महाग पडतं, दोघींना पडलं. मग तिनं माझ्या हातातून नळी घेतली आणि न पुसता, न बघता, तोंडात घातली. मी अजून तोंड वाकडं करून बसले होते. ती प्यायली आणि नळी तिनं परत माझ्याकडे दिली.

असे घोट घोट वाटून घेत आम्ही वर गेलो. शिखरावर दगडांचं सपाट मैदान आहे, वारा आहे, चार माणसं फोटो काढत होती. शिखराविषयी सांगण्यासारखं तेवढंच. लेकीनं बापाच्या टोपीसकट फोटो काढून घेतला. मी दशमी आणि लसणाची चटणी काढली; तिनं माझ्या हातातल्या अर्ध्या खाल्लेल्या दशमीचा तुकडा तोडला.

मग आपल्या वाटेला यायचं ते उतरताना आलं. दोघींपैकी दगा खरं तर माझ्या पोटानं द्यायला हवा होता. पण ते औषध असेल, उंची असेल, की चटणी. वळणं उतरता उतरता लेक थांबली. चेहरा पांढराफटक. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मी ती जाड पिशवी काढून तिच्या हातात दिली. एका मोठ्या खडकाआड ती गेली, मी वाटेवर दुसरीकडे तोंड करून, डोक्याला बांधलेली ओढणी सोडून, ती पसरून उभी राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘ब्युटिफुल व्ह्यू’ म्हणून दरीकडे बघायला लावत.

ती बाहेर आली तेव्हा रडत होती. पिशवी पाठीमागे लपवलेली. सतरा वर्षांच्या मुलीची लाज काय असते, ती तुम्हाला आठवत असेल. “आय वाँट टू डाय,” ती म्हणाली. “मी हे सगळ्यांसमोर कसं घेऊन जाऊ? आय कान्ट.”

“दे इकडे.”

“नो! आई, नो. तुला... तू ओकशील.”

“ओकेन कदाचित. दे.” मी सॅक उघडली आणि त्या दुसरीला ताकाच्या पिशवीशेजारी बसवलं. नाक तर कधीच मिटून घेतलं होतं. “तुझी पहिली दोन वर्षं मी हेच काम केलं. फक्त तेव्हा उतार नव्हता.”

तिला एकदम हुंदका आणि हसू बरोबर आलं. नाकातून शेंबडाचा फुगा आला. तोही मी माझ्या रुमालानं पुसला. शी! काय दिवस होता तो.

“बाबांना सांगू नकोस,” ती म्हणाली.

“नाही सांगणार.”

खाली पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. पाठीवर दोन पिशव्या, एक डुचमळणारी, एक गप्प. पायथ्याची ती पेटी आली तेव्हा मी एकटी पुढे गेले आणि जे टाकायचं ते टाकून आले. आणि अमेरिकेतल्या कुठल्याही कचरापेटीचं झाकण उघड्या हातानं उचलण्याची ती माझी पहिलीच वेळ होती, हे नंतर गाडीत लक्षात आलं. नवरा थर्मास घेऊन उभा होता. दोघींना बघून त्यानं आधी बोटं वर केली: शिखर? लेकीनं मान डोलावली. त्याचे डोळे भरले ते त्यानं चहा ओतण्याच्या निमित्तानं लपवले.

“कशी झाली ट्रिप?” त्यानं विचारलं. मग नाक मुरडत, “आणि हा वास कसला?”

“फाइन,” लेक म्हणाली. आणि माझ्याकडे बघून हसली. “ताकाचा.”

उन्हाळा संपला, तिला पोहोचवायला गेलो. त्या वसतिगृहाच्या त्या न्हाणीघरात मी आंघोळ केली. चपला घालून, पण केली. बाहेर आले तेव्हा ती दारात टॉवेल घेऊन उभी होती.

लोक म्हणतात, माया असली की किळस जाते. साफ खोटं. ही गोष्ट आता लेक स्वतःच जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांना रंगवून सांगते, म्हणून मी तुम्हाला सांगितली. पण त्या उताराची आठवण आली की मला अजून मळमळतं. डोंगर विसरायला झाला. शिखरावरचा फोटो कुठे आहे ते माहीत नाही. नवऱ्याची ती टोपी त्याच्या मागे कोणाला तरी देऊन टाकली. रंग उडाले, माणसं गेली, आणि टिकलं काय, तर हिंग. किळस असते तिथेच असते, जन्मभर, नाकाच्या शेंड्यावर. तिच्यासकट हात पुढे करायचा असतो, एवढंच मला त्या खिंडीत बसून कळलं. आणि तेही आपणहून नाही, कुणीतरी अंगावर ओरडल्यावर.

काल संध्याकाळी लेक ऑफिसातून आली. पिशवी बघून दोन पावलं मागे सरली. “आई, हे अजून आहे? शी! फेकून दे.” उच्चार हुबेहूब माझा. मी म्हटलं, फेकते. तिनं नेऊन ती पुन्हा त्याच जुन्या सॅकमध्ये कोंबली आणि हात धुवायला गेली.

एवढ्यात नात आली. हातात तिचा पेला, तळाशी उरलेलं दूध, त्यात विरघळलेलं बिस्किट, वर एक अर्धवट चावलेलं द्राक्ष तरंगतंय. दुपारच्या ओरडण्याची भरपाई असावी. “आजी, फॉर यू,” ती म्हणाली. “ड्रिंक.” बेसिनपाशी नळ बंद झाला. लेक टॉवेलला हात पुसत दारात येऊन उभी राहिली, कसलंही मत चेहऱ्यावर न आणता.

मी पेला घेतला. मान मागे न टाकता, ओठ लावून प्यायले. फार घाण होतं. सगळं संपवलं.